कुठेही न जाणाऱ्या नळ्या

जुन्या मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, साफ करणे हे काही फार अवघड काम नाही. जेट, फ्लोट, सुई, स्क्रू ही सगळी मंडळी आपापली जागा ओळखून असतात आणि एकाच्या जागी दुसरा बसतच नाही, त्यामुळे आपली अक्कल फारशी पणाला लागत नाही. खरी परीक्षा असते ती नळ्यांची. चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर आणि चार दशकांचे वय असलेली माझी मोटारसायकल ज्या रविवारी मी पुन्हा जोडायला घेतली, त्या दिवशी माझ्यासमोर वर्तमानपत्रावर दहा काळ्या नळ्या ओळीने निजल्या होत्या, आणि दहाही एकाच आईच्या पोटच्या दिसत होत्या.

काढण्यापूर्वी फोटो काढून ठेवावेत, हा जाणत्यांचा सल्ला मी पाळला होता. एकूण सहा फोटो होते. चारांमध्ये माझा अंगठा होता, पाचव्यात टॉर्चचा झोत होता, आणि सहाव्यात सगळ्या नळ्या अगदी स्वच्छ दिसत होत्या. फक्त तो फोटो नळ्या काढून झाल्यानंतरचा होता. राहता राहिले कंपनीचे मॅन्युअल. त्यात ‘काढण्याच्या उलट क्रमाने बसवावे’ एवढेच लिहिले होते, आणि काढण्याचा क्रम म्हणाल तर हाताला जे लागेल ते ओढणे, हाच माझा क्रम होता. सोबतच्या चित्रात एक नळी फ्रेमच्या मागे शिरत होती आणि पलीकडून दोन नळ्या बाहेर येत होत्या. मधल्या अंधारात काय घडले असावे, यावर मी बराच वेळ विचार केला.

तासाभराने हिशेब लागला, तो असा. दहापैकी पेट्रोल वाहणारी नळी एकच. दुसरी एक इंजिनाची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, पेट्रोलच्या कॉकपर्यंत पोचवते; इंजिन फिरत असेल तरच हा कॉक उघडतो. चार नळ्या कार्ब्युरेटरच्या बुडाला लोंबतात आणि एरवी काहीच करत नाहीत. फ्लोटची, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, सुई अडकून पेट्रोल वाहू लागले, तरच ते इंजिनावर न सांडता खाली रस्त्यावर जावे म्हणून त्यांची नेमणूक. टाकीच्या झाकणाभोवती खोलगट जागा असते, तिथे साचणाऱ्या पाण्यासाठी एक नळी आहे, असे मॅन्युअल म्हणत होते. कोरड्या दिवसांत मला ती शुद्ध चैन वाटली. उरलेल्या तीन नळ्यांनी मात्र माझा अंत पाहिला. दोन कार्ब्युरेटरच्या आणि एक टाकीची, तिघीही केवळ हवेच्या. त्यांचे एक टोक निपलला, म्हणजे नळी चढवायच्या छोट्या तोटीला, बसते आणि दुसरे टोक कुठेच बसत नाही. ते मोकळेच सोडायचे असते.

हे ‘कुठेच नाही’ पचवणे माझ्यासारख्या मध्यमवर्गीय मनाला जड जाते. वायरचे टोक मोकळे दिसले की आपण त्याला टेप गुंडाळतो, नळ थेंबथेंब गळला की फडके बांधतो. मग दोन सारख्या मापाची, एकाच उंचीची दोन मोकळी टोके एकमेकांकडे आ वासून पाहत असताना माणसाने स्वस्थ कसे बसावे? कार्ब्युरेटरच्या दोन्ही हवेच्या नळ्यांची टोके मी एक छोटासा जोड घालून एकमेकांना जोडून टाकली. वरून क्लिपाही बसवल्या. दोन अनाथ मुलांचे लग्न लावून दिल्याचे समाधान मला त्या वेळी लाभले, हे कबूल करतो.

इंजिन सुरू झाले, पाच मिनिटे गुरगुरले, खोकले आणि विझले. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. कार्ब्युरेटर पेट्रोल ओढून घेतो, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत होती. वास्तविक पेट्रोलला बाहेरची हवा ढकलते. इंजिन श्वास घेते तेव्हा कार्ब्युरेटरच्या अरुंद घशातून हवा वेगाने जाते आणि तिथला दाब उतरतो. कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणारी वाटी असते; तिच्यातल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो, बसलेला असतो, आणि या दोन दाबांमधल्या किरकोळ फरकावर पेट्रोल जेटमधून वर चढते. घसा अरुंद झाला की दाब उतरतो, हे व्हेंचुरी नावाच्या इटालियन प्राध्यापकाने १७९७ मध्ये लिहून ठेवले होते. तेव्हा मोटारसायकल नसल्यामुळे त्याच्यावर नळ्या जोडण्याची वेळ आली नाही. पुढे १८९३ मध्ये जर्मनीतल्या विल्हेल्म मायबाखने पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर केला आणि माझ्या रविवारची कायमची सोय लावली. मी ज्या दोन नळ्यांचे लग्न लावले होते, त्या वाटीपर्यंत बाहेरची हवा पोचवणाऱ्या नळ्या होत्या. थोडक्यात, मी चारही कार्ब्युरेटरांचे नाक दाबून ठेवले होते आणि वर त्यांना पळायला सांगत होतो.

घटस्फोट तातडीने झाला. मात्र चाळीस वर्षांचे रबर लाकडासारखे कडक झालेले असते आणि ते निपलवरून ओढताना काठाशी तडकते. तडकलेला एक सेंटीमीटर कापायचा, उरलेले टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करायचे, ते थंड होण्याच्या आत टाकीखालच्या दोन बोटांच्या फटीतून निपलवर चढवायचे, चढवताना बोटांची साले काढून घ्यायची, आणि मग लक्षात यायचे की क्लिप आधी ओवायची राहिली. अशा तीन फेऱ्यांनंतर नळी पोचेनाशी झाली. मी नव्या नळ्या आणल्या. पहिल्या खेपेस पारदर्शक प्लास्टिकच्या, कारण त्या सुंदर दिसत होत्या. पेट्रोल लागल्यावर त्या महिन्याभरात पिवळ्या पडून काडीसारख्या कडक झाल्या. दुसऱ्या खेपेस मुकाट्याने पेट्रोलला टिकणारे रबर आणले.

यानंतर गाडी वीस मिनिटे झकास चालायची आणि मग भर रस्त्यात गप्प व्हायची. टाकी अर्धी भरलेली. वैतागून मी टाकीचे झाकण उघडले, तेव्हा आतून ‘सुस्स’ असा दीर्घ सुस्कारा ऐकू आला आणि पहिल्याच प्रयत्नात गाडी सुरू झाली. पुढचा आठवडाभर मी दर दहा-बारा किलोमीटरला थांबून टाकीला जांभई देववत असे. मागे बसलेल्या सौ. प्रत्येक वेळी शांतपणे विचारत, “अहो, झालं का तिचं?” शेवटी टाकी उचलून पाहिली, तर टाकीची हवेची नळी टाकी आणि फ्रेम यांच्यामध्ये चिरडून पापडासारखी चपटी झाली होती. पेट्रोल खाली जायचे, तितकी हवा वरून आत यायला वाट नसायची, आणि टाकी आतल्या आत पेट्रोल आवळून धरायची. टाकी बसवताना तिच्यावर छाती टेकून सगळे वजन मीच दिले होते.

तिसरा घोळ थोडक्यात सांगतो. कार्ब्युरेटरच्या मोकळ्या टोकांना भरपूर हवा मिळावी, या उदार हेतूने मी ती पुढच्या बाजूला, थेट वाऱ्याच्या तोंडावर आणून बांधली. ताशी साठपर्यंत गाडी गरीब होती. सत्तरच्या वर गचके देऊ लागली. या टोकांना हवा हवी असते, वारा नको असतो, कारण वाऱ्याने वाटीतला दाब वेगाबरोबर बदलत राहतो. आता ती दोन टोके एअर फिल्टरच्या वर, सीटखालच्या निवांत अंधारात पडून असतात. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे सांडणारे पेट्रोल खाली नेणाऱ्या, चार नळ्या इंजिनामागून स्विंगआर्मजवळ, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याजवळ, खाली उतरतात. तिथे तापलेला सायलेन्सर, चेन आणि मागचे चाक या तिघांनाही न शिवता त्यांना लोंबावे लागते.

हे सारे जमल्यावर मी गॅरेज झाडले, तेव्हा वर्तमानपत्राखाली वीतभर लांबीची एक नळी सापडली. गाडी तर सुरेख चालत होती. मी नळीत फुंकून पाहिले, ती मोकळी होती. वास घेतला, पेट्रोलचा नव्हता. तेव्हा ती जास्तीची असावी, असा निकाल देऊन मी ती फळीवर ठेवली.

पहिल्या पावसात गाडी अर्धा किलोमीटर गेली आणि तीन सिलिंडरांवर भडभडू लागली. आडोशाला उभा राहून वाकून पाहिले. झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत साचलेले पाणी टाकीच्या पोटातल्या निपलमधून बाहेर पडत होते, आणि एकेक थेंब, घाई न करता, नेम धरून तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर पडत होता. सौ. छत्री धरून शेजारी उभ्या होत्या. “फळीवर एक नळी आहे,” त्या म्हणाल्या, “ती हिचीच ना?”