व्हाइटरनला धान्य कुठून येतं?

स्कायरिम हा व्हिडिओ गेम दुसऱ्यांदा खेळायला घेतला तेव्हा त्यातल्या व्हाइटरन शहराच्या वेशीबाहेर थांबून मी शेतं मोजली. तीन! आत राजवाडा, देऊळ, बाजार, भाडोत्री लढवय्यांचा वाडा. अख्ख्या परगण्याची राजधानी म्हणे, पण आमच्या सोसायटीत गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं जमतात. मी शेतकऱ्याच्या घरातला, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला: हे लोक खातात काय?

पण खरं सांगू, मला त्याचा राग येत नाही. या गेमचं घड्याळ वीसपट वेगानं पळतं, आपल्या ७२ मिनिटांत तिथला पूर्ण दिवस उरकतो. रिव्हरवूड या शेजारच्या गावाहून व्हाइटरनला तीन-चार मिनिटांत पोचलो, तरी तिथल्या हिशेबानं तासभर चाललो. वेळ आटवली तशी जमीनही आटवली, मग शेतंही तीनच उरणार.

'सगळं खऱ्या आकाराचं पाहिजे' म्हणणाऱ्यांनी याच मालिकेतला १९९६चा डॅगरफॉल हा गेम खेळून बघावा. नकाशा म्हणे ग्रेट ब्रिटनएवढा, गावं हजारोंनी. ती बहुतेक कॉम्प्युटरनं साच्यातून काढलेली, त्यामुळे दहाव्या गावात शिरताना पाचवं आठवतं. पायी कोणी जात नाही, सगळे नकाशावर बोट ठेवून पोचतात. सहा वर्षांनी आलेल्या, मालिकेतल्या पुढच्या मोरोविंडमध्ये एकच बेट, पण हातानं रचलेलं. धुकं, वळणाची वाट, मध्ये डोंगर आणि आपल्या नायकाची गोगलगायीची चाल. तेवढ्यावर ते बेट अफाट वाटतं.

माझा आवडता किस्सा मात्र हवेत तरंगण्याचा. मोरोविंडमध्ये मंत्र टाकून उडता यायचं. पुढच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) मोठी शहरं वेशीतून आत शिरल्यावरच वेगळी लोड व्हायची, बाहेरून तटाआड ती पूर्ण नसायचीच. वरून उडून तट ओलांडला असता तर सगळं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून मंत्रच काढला, आणि कथेत कारण काय? तरंगण्यावर कायद्यानं बंदी आहे! तांत्रिक अडचणीवर सरळ जीआर काढला. याला मी शंभरपैकी शंभर देतो. मर्यादा सगळ्यांनाच असतात, पण ती त्या जगातल्या माणसाच्या तोंडी शोभली पाहिजे. गुडघाभर कुंपण ओलांडता येत नाही आणि का ते कोणी सांगतही नाही, तिथे माझं डोकं फिरतं.

स्कायरिममध्ये भूक-थंडीचे मॉडही (चाहत्यांनी बनवलेले जोड-बदल) टाकून पाहिले. दर थोड्या वेळानं भाकरतुकडा शोधायचा. घरी बायको विचारते 'जेवलास का', इथे गेम विचारतो. दोन दिवसांत काढून टाकले.

किंगडम कम: डिलिव्हरन्स (२०१८) या वेगळ्या गेममध्ये मात्र खरेपणा कामाला लागलेला दिसला. १४०३चा बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकातला भाग), नायक लोहाराचा पोर. गेम सेव्ह करायला दारूची बाटली लागायची, त्यावर लोक चिडले आणि नंतर बाहेर पडताना सेव्ह करायची सोय आली. बरं झालं, रात्री मूल उठलं की बाटली कुठे शोधू? पण त्या पोराला वाचता येत नाही हे भन्नाट आहे. पुस्तक उघडलं की अक्षरांची नुसती उलटापालट. लेखनिकाकडे जाऊन शिकायचं, मग हळूहळू शब्द जागेवर येतात. ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला आमची आजी आठवली. पोस्टाचा कागद उलटा धरून, 'काय लिहिलंय रे?' असं विचारणारी.