एक नाही, दहा घेतले

शाळेत गणित कसं शिकवतात यावरच्या एका लेखात 'ज्ञानरचनावाद आला आणि पाढे गेले' असं वाक्य वाचलं; ते मला मुळीच पटलं नाही. ज्ञानरचनावाद म्हणजे मुलांनी वस्तू हाताळून, अनुभवातून स्वतः शिकणं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०१५ साली राज्य सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाल्यावर आमच्या वर्गातही दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आले. त्याआधी ४२ मधून १७ वजा करताना मुलं 'शेजारून एक उसना घेतला' असं घडाघडा म्हणायची. एक घेतला तर २ चे १२ कसे झाले, विचारलं की गप्प. गठ्ठ्याचं रबर सोडताना दुसरीतली एक मुलगी ओरडली, "बाई, एक नाही, दहा घेतले!" ती वजाबाकी ती पुन्हा चुकली नाही.

पण पाढे मी सोडले नाहीत. आठचा पाढा मुलं आधी मणी मांडून स्वतः तयार करतात, मग रोज परिपाठानंतर म्हणतात. चौथीत भागाकार करताना आठ सत्ते छप्पन्न तोंडावर नसेल, तर मूल मणी मोजत बसतं आणि भागाकार कुठवर आला होता तेच विसरतं. लेखात एक गोष्ट राहून गेली: दोन इयत्ता एकाच शिक्षकाकडे असतील, तर काड्या मांडायला वेळ कुठून आणायचा?