जीआर म्हणजे कायदा नव्हे: एका फॉरवर्डला उत्तर

गावच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, जिथे बघावं तिथे सध्या एक लांबलचक फॉरवर्ड येऊन पडतो. त्याचा मथितार्थ असा: सरकारी शाळा आणि विद्यापीठं ही सरकारची मालमत्ता आहे. एक जीआर (शासन निर्णय) काढला की शाळा उघडते, दुसरा काढला की बंद होते. विद्यापीठाचंही तेच, आणि कुलगुरू म्हणजे सरकारचा माणूस. शिवाय १९७६ नंतर शिक्षण दिल्लीच्या ताब्यात गेल्यामुळे राज्याच्या हातातही काही उरलेलं नाही. पालकांना आणि गावाला तर काडीचा अधिकार नाही. तेव्हा पोरांना खासगी शाळेत घाला, तिथे पैसे भरणाऱ्याचं निदान कुणीतरी ऐकतं.

यातला वैताग खरा आहे, तो मी खोडत नाही. पण कायद्याबद्दल त्यात जे ठणकावून सांगितलंय, ते जवळजवळ सगळं चूक आहे. ही चूक सरकारच्याच सोयीची आहे, कारण आपल्याला अधिकारच नाही असं मानणारा माणूस अधिकार मागायलाही जात नाही.

जीआरपासून सुरुवात करू. शासन निर्णय हा सरकारने आपल्याच यंत्रणेला दिलेला आदेश असतो. तो कायद्याच्या आत बसला तर चालतो, नाही बसला तर पडतो. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम ६ ने परिसरात शाळा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी राज्य शासन आणि स्थानिक प्राधिकरण अशा दोघांवर टाकली आहे. 'करू शकेल' असं तिथे लिहिलेलं नाही, करावंच लागेल असं आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत त्याचं अंतरही दिलं आहे: पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर. आणि ग्रामीण भागातली शाळा चालवते कोण? मंत्रालय नव्हे, १९६१ च्या कायद्याने स्थापन झालेली जिल्हा परिषद. गुरुजी जिल्हा परिषदेचे कर्मचारी असतात. शहरात हेच काम महापालिका किंवा नगरपालिका करते. (गावातलं हायस्कूल बहुतेकदा एखाद्या संस्थेचं असतं, फक्त पगार शासन देतं. फॉरवर्डवाल्याने ही अनुदानित हायस्कुलंसुद्धा 'सरकारी' म्हणून एकाच पोत्यात कोंबली आहेत.)

शाळा बंद करायचे प्रयत्न झालेच नाहीत असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळांची यादी निघाली. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' आली, म्हणजे आजूबाजूच्या छोट्या शाळांची मुलं एका मोठ्या शाळेत आणायची योजना. कागदावर 'बंद' हा शब्द कधी नसतो, 'समायोजन' असतो. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं २०२२ साली शेळ्या घेऊन थेट नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती: शाळा देत नसाल तर दप्तरं ठेवून घ्या आणि आम्हाला शेळ्या द्या, राखत बसतो. त्या बातमीवर लोक हळहळले, काही हसलेही. पण मुलांची मागणी अगदी कायद्यातलीच होती. घराजवळ शाळा हा त्यांचा हक्क होता, ती कुणाची मेहेरबानी नव्हती.

सरकारी फर्मान कायद्यापुढे किती टिकतं, याचा ताजा दाखला २०२४ चा आहे. ९ फेब्रुवारीला राज्याने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के राखीव जागा देण्यातून सूट. हा साधा जीआरसुद्धा नव्हता, राजपत्रात निघालेली नियमदुरुस्ती होती, म्हणजे जीआरपेक्षा वरच्या पायरीची. पालक कोर्टात गेले. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण कायद्याने दिलेला हक्क नियमाने काढून घेता येत नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. पाच-सहा महिन्यांत विषय निकाली.

जीआरला घाबरायचंच असेल तर १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या जीआरला घाबरा. त्यात कुठलीही शाळा बंद केलेली नाही. फक्त पटावरची मुलं किती यावरून शिक्षक किती मिळणार, याचे निकष बदलले आहेत, आणि सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही अशी गत झाली आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मात्र याच वर्गांसाठी गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला आहे. शाळेला कुलूप नाही, फळ्यावर तारीख आहे, पण शिकवायला माणूस नाही. बोलायचं तर यावर बोलावं. फॉरवर्डमध्ये याचं अवाक्षर नाही.

आता विद्यापीठं. इथे फॉरवर्डवाल्याला थोडे गुण द्यावे लागतील. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झालं ते अधिसूचनेनेच. पण ती अधिसूचना काढायचा अधिकार विधिमंडळाने केलेल्या कायद्यातून आला, आणि स्थापन झालेलं विद्यापीठ त्याच कायद्याला बांधलेलं राहिलं. आज तो कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. अधिसभा (सिनेट), व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळं ही सगळी उतरंड त्यात लिहिलेली आहे.

नुसत्या अधिसूचनेवर विद्यापीठं काढली की काय होतं ते छत्तीसगडला विचारा. तिथे २००२ च्या कायद्याने सरकारला अधिसूचना काढून खासगी विद्यापीठ उभं करायची मुभा दिली. बघता बघता शंभरावर विद्यापीठं कागदावर जन्माला आली. कुणाकडे इमारत नाही, कुणाकडे शिक्षक नाहीत. शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ प्रा. यशपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने ती कलमं रद्द केली. सरकारच्या मर्जीने विद्यापीठ होतं, हा समज तिथे सरकारनेच करून घेतला होता. तो किती महागात पडला हे त्या विद्यापीठांत प्रवेश घेतलेल्यांना कळलं.

'कुलगुरू सरकारचा माणूस' हा मुद्दा चवीने चघळला जातो. पद्धत अशी: शोध समिती बसते, ती किमान पाच नावांची यादी कुलपतींकडे पाठवते, कुलपती म्हणजे राज्यपाल त्यातून एक निवडतात. मुदत पाच वर्षं, त्याच विद्यापीठात पुन्हा नेमणूक नाही. काढायचा अधिकारही कुलपतींचाच. मुंबई विद्यापीठात ऑनलाइन पेपर तपासणीचा बोजवारा उडून निकाल महिनोन् महिने रखडले, तेव्हा ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. मंत्र्याच्या सहीने ते झालं नाही, होऊ शकलंही नसतं. ही चौकट वाकवायचा प्रयत्न डिसेंबर २०२१ मध्ये झाला. सरकारने दोन नावं सुचवायची आणि राज्यपालांनी त्यातलं एक घ्यायचं, शिवाय मंत्री प्र-कुलपती, असं विधेयक विधिमंडळात संमत झालं. पुढे सरकार बदललं आणि विधेयक बारगळलं. राज्यपालांची नेमणूक केंद्र करतं, त्यामुळे 'राज्यपाल म्हणजे निःपक्षपाती' असं गळा काढून सांगायची माझी तयारी नाही. पण राज्यपाल आणि मंत्रालय यांच्यात जिथे ओढाताण चालते, ती जागा कुणा एकाच्या मालकीची नसते, एवढं तरी त्यातून कळावं.

आणि अधिसभा. तिच्यावर नोंदणीकृत पदवीधरांनी थेट मतदानाने निवडलेले दहा जण असतात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल, रखडलेले निकाल या सगळ्यावर तिथे प्रश्न विचारता येतात. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली. २०२३ मध्ये जाहीर झालेली निवडणूक एका रात्रीत स्थगित झाली. २०२४ मध्ये २२ सप्टेंबर ही तारीख ठरली, तर मतदानाला दोन दिवस असताना सरकारच्या सूचनेवरून पुन्हा स्थगिती. शनिवारी उच्च न्यायालय बसलं, स्थगितीला स्थगिती दिली, आणि २४ तारखेला मतदान झालं. दहाच्या दहा जागा तेव्हा विरोधात असलेल्या पक्षाच्या युवासेनेने जिंकल्या. विद्यापीठ खरोखर सरकारच्या खिशात असतं तर ही निवडणूक अडवायला एवढी धावपळ कशाला करावी लागली असती?

यातली बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. एवढ्या मोठ्या विद्यापीठाच्या या निवडणुकीची मतदारयादी होती साधारण तेरा हजारांची. नोंदणी आपोआप होत नाही, अर्ज भरायचा, पदवीचं प्रमाणपत्र जोडायचं. दर वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या मानाने तेरा हजार म्हणजे किस झाड की पत्ती. फॉरवर्ड पाठवणाऱ्या पदवीधरांपैकी कितीजण त्या यादीत आहेत, हे एकदा आपापल्या ग्रुपवर विचारून बघा.

'१९७६ नंतर सगळं दिल्लीच्या हातात' हे तर झटकून टाकण्यासारखं आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्य सूचीतून समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं आधीपासूनच केंद्राकडे होतं आणि विद्यापीठ स्थापन करणं आजही राज्य सूचीत आहे. राज्याच्या हातात काही नसतं तर पहिलीपासून हिंदीचे १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे जीआर राज्याने काढले कसे, आणि लोक रस्त्यावर उतरणार म्हटल्यावर २९ जूनला दोन्ही मागे घेतले कसे? शिवाय एकाच फॉरवर्डमध्ये 'राज्य सरकार सर्वशक्तिमान' आणि 'राज्याच्या हातात काही नाही' ही दोन्ही वाक्यं सुखाने नांदतात, हेही नवलच.

पालकांचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिक्षणहक्क कायद्याचं कलम २१ वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्याकडे अध्यक्षही पालकांमधलाच असतो, मुख्याध्यापक फक्त सदस्य सचिव. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, आलेल्या अनुदानाचा विनियोग तपासणं, ही समितीची कामं. म्हणजे मुख्याध्यापकाने पालकांना बोलावून सूचना वाचून दाखवायची ही सभा नव्हे.

प्रत्यक्षात काय होतं ते मी एका समितीवर राहून पाहिलं आहे. इतिवृत्ताच्या वहीत विषय आधीच लिहिलेले असतात. विषय क्रमांक १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग शालेय पोषण आहार, गणवेश, सर्वानुमते मंजूर. शेवटी 'आयत्या वेळचे विषय', त्याखाली कोरी जागा. सह्या घ्यायला वही शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी येते. आई एका हाताने पोराचं दप्तर सावरत दुसऱ्या हाताने सही करते. एकदा एका आईने तिथेच उभ्या उभ्या विचारलं, ही वही मला घरी नेता येईल का? सरांना उत्तर सुचेना. पुढची सभा मात्र खोलीत भरली आणि नळाच्या दुरुस्तीचा खर्च पहिल्यांदाच मोठ्याने वाचला गेला. अधिकार तोच होता, तो वापरणारी एकजण निघाली एवढंच.

फॉरवर्डवाल्याच्या बाजूने इथे एक मोठी गोष्ट मांडता आली असती, ती त्याने मांडली नाही. शाळांवरची लोकांची खरी सत्ता जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीत असते, आणि ती निवडून आलेल्या सदस्यांची. २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, कारभार प्रशासकांकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. मधली तीन वर्षं, आणि पुढेही निवडणूक होईपर्यंत, शिक्षण समितीत शाळेबद्दल प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूसच नव्हता. इथे कायद्याने अधिकार दिला नाही असं झालं नाही, दिलेला अधिकार लोंबकळत ठेवला गेला. तक्रार करायची तर ही करावी, आणि नावानिशी करावी.

राहिला शेवटचा सल्ला: खासगीत घाला, तिथे ऐकतात. कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती खासगी विनाअनुदानित शाळेला लागूच नाही. तिथे पालकांना आहे तो शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याखालचा शिक्षक-पालक संघ आणि त्याची कार्यकारी समिती, आणि तिचा मुख्य विषय फी. फीविरुद्ध विभागीय समितीकडे दाद मागायची तर एकट्यादुकट्या पालकाचं चालत नाही, नंतरच्या दुरुस्तीने २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. शिक्षक कोण नेमला, संस्थेचा पैसा कुठे गेला, शाळेचा पुढचा आराखडा काय, हे मागायला पालकाच्या हातात कलम नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते आहे.