आण्णांशी बोलायला मला दलाल नको

सकाळपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय शांत व्हायचं नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा मुलगा गेल्या वर्षी अपघातात गेला. आज कळलं, कुणी एक जण व्हिडिओ कॉलवर त्यांना त्याचे निरोप सांगतोय. आधी फोटो, जन्मतारीख आणि पैसे. मग निरोप काय, तर "आई, मी अडकलोय, अजून एक विधी कर." काकूंनी पाटल्या मोडल्या. सुनेसाठी जपून ठेवलेल्या पाटल्या!

त्यावर एकजण लगेच म्हणाला, मेलेल्यांशी बोलायचं म्हणजे वेडेपणाच. नाही हो! बोलणं वेडेपणा नाही. मी आण्णांशी, माझ्या गेलेल्या वडिलांशी, रोज बोलते.

आण्णांचा दहावा हरिपूरच्या संगमावर केला. ऊन चढलेलं, पिंडावरचं दही सुकत चाललेलं, आणि कावळा काही शिवेना. झाडावरून नुसता बघतोय. मग एकेकजण हात जोडून पुढं झालं. आई म्हणाली, "गोळ्या वेळेवर घेईन, घोर लावून घेऊ नका." आत्यानं सांगितलं, माहेर तोडणार नाही. आणि धाकटा भाऊ, आण्णांपुढं कधी तोंड न उघडलेला, मोठ्यांदा म्हणाला, "आण्णा, हळदीचं रान विकत नाही. शब्द देतो." त्याच रानावरून अबोला धरलेले काका तिथंच ढसाढसा रडले.

कावळा शेवटपर्यंत शिवला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. पण आण्णांची अमुक इच्छा राहिलीय, तेवढं करा, असं त्यांनी एका शब्दानंही म्हटलं नाही. दहाव्यालाही खर्च होतो, मान्य. पण आण्णांच्या तोंडचं वाक्य तिथं कुणी विकलं नाही.

जपानात ओत्सुचीला इतारू सासाकी नावाच्या माणसानं 2010 साली नात्यातल्या गेलेल्या माणसाशी बोलायला बागेत फोनची खोली उभारली. फोनला तार जोडलेलीच नाही. पुढच्या वर्षी त्सुनामी आली आणि मग लांबलांबून लोक येऊन त्या फोनवर आपल्या माणसांशी बोलायला लागले. पलीकडून आवाज येत नाही हे ठाऊक असूनही. आमचा भाऊ रानात पाणी पाजताना म्हणतो ना, "आण्णा, यंदा दर पडलाय बघा," तसंच ते.

काकूंना त्या कॉलनंतर झोप लागली, हे खरंय. पण म्हणून काय त्यांच्या पोराचा आवाज काढून पैसे उकळायचे? अमेरिकेत ज्या फॉक्स बहिणींपासून आत्म्यांशी बोलण्याचं लोण पसरलं, त्यांतल्या मार्गारेटनं 1888 साली भर सभेत कबुली दिली होती, आत्म्यांचे म्हणून ऐकवलेले ते टकटक आवाज आम्ही पायाची बोटं मोडून काढायचो. तेव्हा बोटं होती, आता मोबाइल आलाय. आणि आमच्या सातारच्या दाभोलकरांचा खून झाला, त्याच 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला. सात वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. तो काय कपाटात ठेवायला केला?

काकू तक्रार द्यायला तयार होत नाहीयेत. पोरगा अडकूनच राहील, अशी भीती घातलीय त्यांना. सांगलीत अंनिसचं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं, काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर मला मेसेज करा, उद्या मी काकूंसोबत बसणार आहे. आणि गल्लीतल्या बायांनो, "एवढ्या शिकलेल्या, तरी फसलात कशा?" असं काकूंना कुणी विचारायचं नाही. पोराबद्दल विचारा. त्यांना त्याच्याविषयी भरभरून बोलायचं असतं.