गोत्र वेगळं म्हणून सुटलो, असं नसतं काका

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या पत्रिका की ब्लड टेस्ट हा वाद पेटलाय. काकांचं म्हणणं, आपण सगोत्र लग्न करतच नाही, मग जेनेटिक आजार आपल्यात कशाला येतील.

मी राहतो फिनलंडमध्ये, तर इथलंच सांगतो. एपीएस-१ म्हणून एक आनुवंशिक आजार आहे, त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथींवर उलटते; बहुतेक देशांत अगदी क्वचित दिसतो, इथे मात्र साधारण २५ हजारांत एकाला. आणि इथे काही नात्यात लग्नं करायची पद्धत नाही. झालं असं की सोळाव्या शतकात थोडीथोडी कुटुंबं पूर्वेला-उत्तरेला जंगलात जाऊन वसली, पुढच्या पिढ्यांनी आसपासच सोयरिकी केल्या आणि कुणाच्यातरी अंगातला बिघडलेला जीन त्या पट्ट्यात पसरत गेला. आपल्या पोटजातीत वेगळं काय चालतं? आणि मामाची मुलगी तर बऱ्याच घरांत चालतेच, गोत्र वेगळं ना!

त्या जीनचं नाव एआयआरई, १९९७ मध्ये सापडला. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी-पेशींची, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशींची, शाळा भरते, तिथे त्यांना आपलं कोण ते दाखवायचं काम याचं. तो बिघडला की न शिकलेल्या पेशी बाहेर पडतात आणि आपल्याच हॉर्मोनच्या ग्रंथींवर तुटून पडतात. आधी पोराच्या तोंडात बुरशी, काही केल्या जात नाही. मग पॅराथायरॉइड (गळ्यातली, कॅल्शियम सांभाळणारी ग्रंथी) गेली की कॅल्शियम उतरतं, हातपाय आखडतात, झटके येतात आणि सगळे म्हणतात फिट आली. मग अ‍ॅड्रिनल (किडनीच्या वरची ग्रंथी) जाते, पोरगं थकतं, काळवंडतं, मीठ मागतं. बुरशीला एक डॉक्टर, झटक्यांना दुसरा, रंगाला स्किनवाला. हे तिन्ही एकाच धाग्यात ओवायला इथले डॉक्टर शिकले कारण पेऱ्हेनतुपा नावाच्या बालरोगतज्ज्ञाने दशकानुदशकं हेच पेशंट बघितले. त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच फिनिश आनुवंशिक आजारांवर लिहिलं, आज ती यादी चाळीसच्या आसपास आहे आणि लोक त्याबद्दल उघड बोलतात. (बाकी इथे सगळं गोडगोड नाही हां, साध्या स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत माणूस कंटाळतो, पुण्यात दोन दिवसांत मिळते.)

आपल्याकडे रेअर डिसीज म्हटलं की चर्चा थेट १६ कोटींच्या इंजेक्शनवर. या आजारात मुख्यतः लागतं काय तर कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि अ‍ॅड्रिनलच्या हॉर्मोनच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडच्या गोळ्या. त्यातही स्टिरॉइड शब्द ऐकला की कुणीतरी आत्या म्हणणार बंद कर. अहो, शरीर जे बनवतच नाही तेवढंच देतोय, तापात तर डोस वाढवायचा असतो, बंद केला तर जीव जाईल.

राहिली ब्लड टेस्ट. लग्नाआधीच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये हे सापडणार नाही, घरात आधी काय झालंय ते माहीत असेल तरच नेमका जीन तपासता येतो. मुंबईत परळला आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजीची, म्हणजे रक्त आणि इम्युनिटीच्या अभ्यासाची, संस्था आहे, जन्मजात इम्युनिटीच्या आजारांवरही काम करते. बहुतेक वेळा आईबाप दोघांकडून एकेक बिघडलेला जीन आलेला असतो, दोघंही ठणठणीत, त्यामुळे सुनेच्या माहेरावर खापर फोडून काही होत नाही. आणि पाठच्या भावंडाला शक्यता २५ टक्के. त्याची तपासणी आजच करता येते, पण मोठीचं लग्न ठरायचंय म्हणून घरं गप्प बसतात.