स्कूटरवरच्या माणसाकडे सर्टिफिकेट मागू नका

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की भारतातून लोक अमेरिकेत ऑर्लँडोला डिस्नेची पार्कं बघायला यायला लागतात आणि आमच्या नाशिकच्या ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो. डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कमधल्या मेन स्ट्रीटवर, चालायला त्रास असणाऱ्यांसाठी असते त्या इलेक्ट्रिक स्कूटरवर बसलेला कोणीतरी जाड माणूस, पाठमोरा, आणि खाली लिहिलेलं असतं "बघा यांचे लाड, चालायचा पण कंटाळा". मग हसणारे चेहरे, मग कोणीतरी म्हणतं आपल्याकडे ऐंशीची म्हातारी आळंदीहून पंढरपूरला चालत जाते, मग गाडी घसरते ती थेट बोगस दिव्यांग सर्टिफिकेटवर, कारण 2024 मधे पुण्यातल्या ट्रेनी आयएएसचं जे प्रकरण गाजलं ते अजून सगळ्यांच्या डोक्यात आहे. शेवटी निष्कर्ष ठरलेला, अमेरिका असो की महाराष्ट्र, सवलत दिली की लोक गैरफायदा घेतात, तपासणी कडक पाहिजे.

मी इथे राहते, पार्कांचा पास आहे, वर्षातले काही महिने आई इथे असते आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही.

आधी गर्दीचं खरं काय ते सांगते, कारण त्रास होतच नाही असं मी म्हणणार नाही. होतो. माझ्या स्वतःच्या टाचेवर स्कूटर आदळलीय, चांगली सुजली होती. परेडच्या आधी लोक फुटपाथच्या कडेला बसकण मारतात, रस्त्याला दोरी लागते, उरलेल्या चिंचोळ्या वाटेतून बाबागाड्या, फुगेवाले, आइस्क्रीम धरलेली पोरं आणि मधेच दोन-तीन स्कूटर, असं सगळं एकाच वेळी दोन्ही दिशांना चाललेलं असतं. पार्कच्या फँटसीलँड भागात पीटर पॅन आणि स्मॉल वर्ल्ड या दोन राइड समोरासमोर आहेत तिथे दुपारी मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. आणि फटाके संपले की सगळं पार्क एकदम दरवाज्याकडे निघतं, अंधार, दमलेली रडणारी लहान मुलं, त्यात मागून भोंगा वाजला की डोकं फिरतं हे मला मान्य आहे.

पण एकदा त्या सीटवर बसून बघा. म्हणजे गंमत म्हणून नका बसू, गरज असेल तेव्हाच बसा, पण तिथून काय दिसतं ते मला आईच्या शेजारून चालताना कळलं. ती लोकांच्या कमरेच्या उंचीवर असते, समोर फक्त पाठी आणि पर्स दिसतात. हँडलला एक छोटा लिव्हर असतो, दाबला की पुढे, सोडला की थांबते, पण चालणारा माणूस जसा अंग चोरून बाजूला होतो तसं तिला होता येत नाही. सुरक्षित म्हणून ती पुढच्या माणसापासून दोन हात अंतर ठेवते, आणि ते अंतर दिसलं रे दिसलं की कोणीतरी त्यात घुसतं. फोनमधे बघत चालणारा माणूस अचानक थांबतो फोटो काढायला. ब्रेक मारायचा तिने, आणि लागलं तर शिव्या पण तिलाच. दिवसभर ती एकच वाक्य म्हणत असते, सॉरी सॉरी, ज्याची गरज नाही तिथे पण.

आता तो "उठून उभा राहिला की हो" वाला मुद्दा. ग्रुपवर सगळ्यात जास्त चेव याच गोष्टीवर येतो, स्कूटरवरचा माणूस राइडपाशी गेला आणि चक्क उठून चालत बोटीत बसला, म्हणजे नाटक. अहो, तिथला नियमच तसा आहे. स्मॉल वर्ल्डच्या बोटीत व्हीलचेअर चढवायची सोय आहे, स्कूटर चढत नाही, स्कूटरवाल्याने एकतर व्हीलचेअरवर बसायचं नाहीतर उठून जायचं. बऱ्याच राइडना तसंच आहे. आणि चार पावलं चालता येणं आणि दिवसभर चालता येणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे एका दिवसात लोक सहज आठ-दहा मैल चालतात, एपकॉट या डिस्नेच्याच दुसऱ्या पार्कमधे तळ्याभोवती देशांचे पॅव्हेलियन आहेत ती एक फेरीच सव्वा मैलाच्या आसपास आहे, ती पण फ्लोरिडाच्या जुलैतल्या उन्हात. हार्ट फेल्युअरवाला, फुप्फुसं गेलेला, संधिवातवाला, एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार असलेला, केमो चालू असलेला, हे सगळे चार पावलं चालू शकतात. आणि जाड माणसाचं म्हणाल तर अमेरिकेत प्रौढांमधे साधारण चाळीस टक्के लोक लठ्ठपणात मोडतात, त्यातल्या बहुतेकांना मी तिथे पायीच चालताना बघते. जो स्कूटरवर आहे त्याचं वजन आधी वाढलं की गुडघे आधी गेले, हे पाठमोऱ्या फोटोवरून तुम्हाला कसं कळलं?

इथला कायदा या बाबतीत सरळ आहे. 1990 साली मार्च महिन्यात साठेक अपंग कार्यकर्ते वॉशिंग्टनला कॅपिटॉलच्या पायऱ्यांशी जमले, व्हीलचेअर आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि सरपटत त्या पायऱ्या चढले, त्यात आठ वर्षांची एक मुलगी पण होती. त्याच वर्षी 26 जुलैला एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी, म्हणजे थोरल्या बुशनी, सही केली. त्या कायद्याखाली स्कूटर ही व्हीलचेअरसारखीच धरतात आणि दुकान, हॉटेल, पार्क कोणीही तुम्हाला तुझा आजार काय, कागद दाखव असं विचारू शकत नाही. पण सुरक्षेचे नियम ते करू शकतात, आणि ते नियम खऱ्या धोक्यावर आधारलेले असावे लागतात, अंदाजावर किंवा अमुक लोक असेच असतात अशा समजुतीवर नाही. मला हे फार पटतं. तू कोण आहेस हे विचारायचं नाही, तू चालवतोस कशी हे विचारायचं. पार्कच्या भाड्याच्या स्कूटरला चालवणारा अठरा वर्षांचा लागतो, एका वेळी एकच माणूस बसतो, मांडीवर नातवंड घ्यायचं नाही. या नियमांची अंमलबजावणी अजून कडक करा, माझा पूर्ण पाठिंबा आहे. मांडीवर पोर घेऊन गर्दीत भरधाव जाणारा दिसला तर त्याला थांबवाच.

गैरफायदा घेतातच की लोक, असं म्हणाल तर हो, घेतात. 2013 मधे न्यूयॉर्कच्या पेपरात बातमी आली होती की मॅनहॅटनमधली श्रीमंत कुटुंबं डिस्ने वर्ल्डला जाताना तासाला 130 डॉलर देऊन अपंग गाइड भाड्याने घेतात, का तर त्यांच्याबरोबर रांग टाळता येते. त्याच वर्षी डिस्नेने अपंगांना सवलत देणारं जुनं कार्ड बंद केलं आणि नवीन पद्धत आणली, त्यात थेट पुढे न जाता परत यायची वेळ मिळते, म्हणजे वाट बघायचीच, फक्त रांगेत उभं राहून नाही. आणि फ्लोरिडातल्या बहुतेक नव्या राइडच्या रांगा स्कूटर जाईल एवढ्या रुंद आहेत, त्यामुळे स्कूटरवाला तुमच्याबरोबर त्याच रांगेत असतो. स्कूटर घेतली की रांग चुकते हा समज तिकडे अजून पक्का आहे, पण आता त्यात तथ्य फारसं राहिलेलं नाही. फायदाच काढून घेतल्यावर नाटक करायला कोण पैसे खर्च करेल?

याच्या उलट 2024 मधे काय झालं बघा. परत यायची वेळ देण्याची ती सवलत डिस्नेने मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती ठेवली, आधी व्हिडिओ कॉलवर बोलून ठरवायचं. गैरवापर खूप वाढला होता म्हणून केलं असं सांगतात, आणि खरं असेलही, पण त्यात पोटाचे गंभीर आजार असलेले, कॅन्सरवाले असे कितीतरी लोक बाहेर पडले ज्यांना आधी मिळत होती. तो राग अजून शमलेला नाही. गाळणी बारीक केली की लबाड माणूस वाट काढतोच, अडकतो तो ज्याला नीट मांडता येत नाही.

आपल्याकडे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण फुटपाथवर उभं आहे, अक्षरशः. टू-व्हीलरवाले फुटपाथवर चढतात म्हणून महापालिकांनी लोखंडी खांब ठोकले, बोलार्ड म्हणतात ते, आणि ते इतके जवळजवळ की व्हीलचेअर आत शिरतच नाही. 2023 मधे एका व्हीलचेअर वापरणाऱ्या मुंबईकराच्या ईमेलवरून मुंबई हायकोर्टाने स्वतःहून याची दखल घेतली. बाइकवाल्याचं काय अडलं, तो पुढच्या ड्राइव्हवेवरून चढतो. गुन्हा केला बाइकवाल्याने आणि घरात बसली व्हीलचेअरवरची बाई. ग्रुपवर जी "कडक तपासणी" मागतात ती मला या खांबासारखीच वाटते, आणि म्हणून मी एवढी तळमळून लिहितेय.

वारीचा मुद्दा राहिला. वारी चालणाऱ्या माउलींपुढे मी मनापासून नमस्कार करते, पण अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालू शकतात त्या वारीत दिसतात, ज्यांना नाही जमत त्या घरी ओसरीवर बसून असतात, त्यांचा फोटो कोणी काढत नाही. माझी आई त्यातलीच. सप्तशृंगीला जायचं तिने कितीतरी वर्षं सोडून दिलं होतं, त्या पाचशेच्या आसपास पायऱ्या कोण चढणार, पायथ्याशीच हात जोडून परत यायची. 2018 मधे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि ती वर जाऊन देवीसमोर उभी राहिली. ट्रॉलीत बसताना कोणी तिला सर्टिफिकेट विचारलं नाही, तिकीट काढलं आणि बसली. तिच्याबरोबर धडधाकट कॉलेजची पोरं पण बसली होती, बसू देत की. वणीला हे आपल्याला चालतं, तर ऑर्लँडोत एवढं का खुपतं?

सर्टिफिकेटचं म्हणाल तर आईला ते मिळेल का याचीच शंका आहे. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले ही मोठी गोष्ट, पण आरक्षणासारखे महत्त्वाचे लाभ हवे असतील तर 40 टक्के लागतं, आणि म्हातारपणी झिजलेल्या गुडघ्यांचा त्या टक्केवारीत कितपत हिशोब लागणार. 2011 च्या जनगणनेत भारतात 2.21 टक्के लोक अपंग निघाले, अमेरिकेत मोठ्यांमधे चारातला एकजण स्वतःला काही ना काही अपंगत्व आहे असं सांगतो. आपली हाडं काय त्यांच्यापेक्षा दहापट मजबूत नाहीत, मोजायची पद्धत वेगळी आहे आणि इथे सांगायची लाज कमी आहे. आपल्याकडच्या गर्दीत स्कूटरवरून भांडणं होत नाहीत कारण ती माणसं गर्दीपर्यंत पोचतच नाहीत. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मधे केंद्राला सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक नकोत, बंधनकारक करा. करतील तेव्हा करतील, पण निदान आपण त्याच्या बाजूने बोलावं ना.

एका ठिकाणी मात्र मला ग्रुपवरच्या टीकेत दम वाटतो, ते म्हणजे एअरपोर्टची व्हीलचेअर. इंग्रजी येत नाही, एकटे चुकतील या भीतीने आपण चांगले चालणाऱ्या आई-बाबांना व्हीलचेअर लावून पाठवतो. तिथे खुर्च्या आणि ढकलणारी माणसं मोजकी असतात, तुमचे चालणारे बाबा बसले की खरोखर न चालणारं कोणीतरी ताटकळतं. पण त्यावर उपाय हाच की वाट दाखवायला आणि फॉर्म भरायला वेगळा माणूस द्या, म्हणजे खुर्ची आपोआप मोकळी होईल. डिस्नेत पण तेच चाललं, मेन स्ट्रीटच्या टोकाचा चौक त्यांनी 2014-15 मधे मोठा केला, फटाक्यांनंतर दुकानांच्या मागून जायची वेगळी वाट करून दिली. जागा वाढवली की भांडण कमी होतं.

या उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन येणार असाल तर बाबा आधी नाहीच म्हणतील, "मी काय लंगडा झालोय का", हे धरूनच चला. वाद घालू नका, पहिल्या दिवशी हॉटेलच्या मोकळ्या पार्किंगमधे अर्धा तास चालवू द्या. पार्कमधल्या स्कूटर जो आधी येईल त्याला मिळतात आणि सीझनला सकाळीच संपतात, त्यामुळे बाहेरच्या कंपनीकडून हॉटेलवर मागवून ठेवलेली बरी, रात्री चार्जिंगला लावायला विसरू नका. बऱ्याच स्कूटरवर कासव आणि ससा काढलेलं एक बटण असतं, गर्दीत ते कासवावरच ठेवायचं. मेन स्ट्रीटवर ट्रामचे रूळ आहेत, ते तिरके ओलांडले तर चाक अडकतं, सरळ काटकोनात ओलांडायचे. घरातल्या एकाने स्कूटरच्या पुढे दोन पावलं चालायचं, म्हणजे समोरच्या लोकांना आधी माणूस दिसतो आणि ते बाजूला होतात. आणि बसला स्कूटर आधी चढवतात, ड्रायव्हरला रॅम्प काढून पट्टे बांधायला पाच मिनिटं लागतात, एका बसमधे दोन-तीनच मावतात. तेव्हा मागच्या रांगेतून कोणी काही बोललंच, मराठीत जरी बोललं, तरी बाबांना उतरू देऊ नका.