मशेरी हे दातांचं औषध नाही

"तंबाखू खाता का?" असं विचारलं की आपल्याकडच्या आजी-मावश्या ठामपणे नाही म्हणतात. मशेरीचं विचारलं की लगेच, "ती लावते की, दातांसाठी." पण ती काळी पूड म्हणजे तव्यावर भाजलेला तंबाखूच आहे!

नवऱ्याच्या गुटख्यावरून भांडणारी बाई स्वतः दिवसातून तीन-चारदा मशेरी लावते आणि घरात कुणालाच ते व्यसन वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. दंतमंजनात तंबाखू घालायला तर 1992 पासून देशभर बंदी आहे. घरच्या तव्यापर्यंत मात्र कुठलाच कायदा पोचत नाही.

बहुतेकींची सुरुवात दाढदुखीपासून होते. शेजारीण सांगते, "मशेरी लाव, थांबेल." निकोटीनमुळे तरतरी येते, दुखणं जरा मागे पडतं, कीड आत पसरतच राहते. मग हळूहळू ती लावल्याशिवाय परसाकडला होत नाही, डोकं जड होतं, चिडचिड होते.

आणि हिरड्या? पूड रोज जिथे घासली जाते तिथली हिरडी मागे सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर वरच्यासारखं कठीण कवच नसतं. म्हणून गार पाण्यानं कळ येते, मूळ झिजतं, किडतं. आतलं हाडही झिजत गेलं की दात हलायला लागतो. "मशेरीनं दात घट्ट होतात" म्हणणाऱ्या कितीतरी जणी पुढे भाकरी कुस्करून खातात. मागे गेलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही.

गालाच्या किंवा ओठाच्या आत पांढरा, सुरकुतलेला चट्टा येतो. तो दुखत नाही, म्हणून कुणी बघतच नाही. मशेरी सोडली तर असे चट्टे बऱ्याचदा कमी होतात, पण काहींचा कॅन्सर होतो. चट्टा किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर दातांच्या डॉक्टरला दाखवाच.

घरच्यांना एकच विनंती, आईवर ओरडू नका, डबा लपवू नका. आधी तिची दुखरी दाढ दाखवून आणा, कारण ती ठणकत राहिली तर मशेरी सुटणार नाही. सोडताना त्रास झाला तर 1800112356 या सरकारी मोफत क्रमांकावर फोन लावून द्या आणि ती बोलत असताना जवळ बसा.